पिस्तूल बाळगायचं, तर पूर्ण ताब्यात
अमेरिकेतील मराठी स्त्रियांसाठी: कायदा, होल्स्टर, कपडे आणि सवयी

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र नसलेल्या व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल सोबत बाळगता येतं. पाठोपाठ २०२२ मध्ये जॉर्जियाने आणि २०२३ मध्ये फ्लोरिडाने तसाच कायदा केला. ह्युस्टन, डॅलस, ऑस्टिन, अटलांटा या भागांत आपली कितीतरी कुटुंबं राहतात. रात्रपाळीहून एकटी परतणारी नर्स, महामार्गालगतचं मॉटेल सांभाळणारी, अपरिचित लोकांना घरं दाखवत फिरणारी रिअल इस्टेट एजंट, अशा अनेकजणींच्या मनात पिस्तुलाचा विचार येतो. दुकानात गेलं की पिस्तूल मिळतं, पण खरे प्रश्न घरी आल्यावर सुरू होतात. कुर्त्याखाली ते कुठे ठेवायचं? पर्समध्ये चालेल का? घरात लहान मूल आहे, त्याचं काय?

पिस्तूल घ्यावं की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने करायचा. घ्यायचं ठरलंच, तर एक कसोटी मात्र कधी सोडू नये: ते दिवसाच्या प्रत्येक क्षणी एक तर तुमच्या अंगावर घट्ट, चाप झाकलेल्या अवस्थेत असलं पाहिजे, नाही तर कुलपात. तिसरी जागा नाही. कपडे, पट्टा, होल्स्टर, सराव, घरातली तिजोरी यांबद्दल पुढे जे लिहिलं आहे, ते सगळं या एका कसोटीतून येतं.

आधी पाहा: तुम्हाला पिस्तुलाला हात लावता येतो का?

हा मुद्दा आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बंदुकीच्या दुकानातल्या गप्पांत तो हमखास निसटतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ असे व्हिसा ‘नॉन-इमिग्रंट’ प्रकारात मोडतात. या व्हिसांवर राहणाऱ्यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवता येत नाही. राज्याचा कायदा कितीही सैल असला तरी हे बंधन कायम राहतं. काही मोजके अपवाद आहेत. त्यांतला नेहमी सांगितला जाणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार-परवाना. पण त्याच्या भरवशावर काही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या. या कायद्याच्या उल्लंघनाला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना पिस्तूल बाळगता येतं, पण त्यांनीही लक्षात ठेवावं की बंदुकीसंबंधी गुन्ह्यात शिक्षा झाली, तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं.

याचा घरात अर्थ असा. भारतातून आलेल्या सासऱ्यांना किंवा शिकायला आलेल्या भाचीला गंमत म्हणून रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देऊ नका. नुसतं हातात धरणंही कायद्याच्या भाषेत ‘जवळ बाळगणं’ ठरू शकतं. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आणि नवऱ्याकडे अजून एच-१बी असेल, तर तिजोरीचा आकडा फक्त तुम्हालाच ठाऊक हवा.

परवानाधारक दुकानातून खरेदी करताना ४४७३ क्रमांकाचा संघराज्य फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासली जाते. तो फॉर्म घाईत भरू नका. नागरिकत्व आणि व्हिसाचे प्रश्न त्यात आहेत, अमली पदार्थांचाही आहे. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी संघराज्य कायदा तसं मानत नाही, आणि खोटं उत्तर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

परवाना लागत नसला तरी घ्या

टेक्ससमध्ये परवान्यासाठी चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि नेमबाजीची चाचणी असते. चाचणीत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या झाडायच्या असतात. आता परवाना सक्तीचा नाही, तरी तो घ्यावा. संघराज्य कायद्याने शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल बाळगायला मनाई आहे आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असलेल्यांना. मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईचा रोजचा रस्ता या हजार फुटांतूनच जातो. शिवाय टेक्ससचा परवाना मानणाऱ्या इतर राज्यांत तो कामी येतो.

तो सगळीकडे मात्र चालत नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यूजर्सी आणि इलिनॉय बाहेरच्या राज्याचा परवाना मानत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा परवाना घ्यायचा, तर सोळा तासांचं वर्गातलं शिक्षण आणि दोन तासांची प्रत्यक्ष नेमबाजी सक्तीची आहे. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्येही सोळा तासांचं प्रशिक्षण लागतं. न्यूजर्सीत पोकळ टोकाच्या गोळ्यांवर वेगळी बंधनं आहेत. म्हणून बहिणीकडे एडिसनला निघताना डॅलसचा कायदा बॅगेत घालून नेता येत नाही. राज्याची हद्द ओलांडण्यापूर्वी त्या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम वाचून घ्या.

टेक्ससमध्येही काही जागा वर्ज्य आहेत: शाळांच्या इमारती, न्यायालयं, मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रं, मुख्यतः दारूविक्रीवर चालणारे बार, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग. आपल्यापुरती एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायची. मराठी शाळेचे शनिवार-रविवारचे वर्ग, गणेशोत्सव, दिवाळीचा कार्यक्रम हे बऱ्याच ठिकाणी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या इमारतीत होतात. कार्यक्रम आपला असला तरी इमारत शाळेची आहे, तेव्हा पिस्तूल घरी कुलपात ठेवूनच निघायचं. मंदिर, दुकान, हॉटेल यांच्या दारावर ‘३०.०६’ किंवा ‘३०.०५’ कलमाची, पिस्तूल आणायला मनाई करणारी पाटी आहे का, ते आत शिरण्याआधी पाहायचं. ‘३०.०६’ची पाटी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या ठळक अक्षरांत असते.

चार नियम, अपवाद नाहीत

अमेरिकन मरीन आणि प्रशिक्षक जेफ कूपर यांनी सुरक्षिततेचे नियम चार वाक्यांत बसवले. आज जगभर तेच शिकवले जातात.

१. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला.
२. जे नष्ट करायची तुमची तयारी नाही, त्याच्यावर नळी कधीही रोखू नका.
३. नेम लक्ष्यावर स्थिर होऊन झाडायचा निर्णय होईपर्यंत बोट चापावर ठेवू नका. ते चौकटीच्या कडेला सरळ टेकलेलं असू द्या.
४. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा.

यातले दोन नियम एकाच वेळी मोडले, तरच सहसा माणूस जखमी होतो. म्हणून चारही अंगात मुरले पाहिजेत.

पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम याच शिस्तीचा भाग आहे. नळी सुरक्षित दिशेला धरून आधी मॅगझिन बाहेर काढायचं, मग स्लाइड मागे ओढून आतलं काडतूस बाहेर पाडायचं, स्लाइड मागे अडकवायची, काडतुसाची पोकळी डोळ्यांनी पाहायची आणि करंगळीने चाचपायची. हा क्रम उलटा झाला, म्हणजे स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढलं, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलते. हातात रिकाम्या पिस्तुलाचा भास आणि आत जिवंत गोळी, अशी ती अवस्था असते. अनेक अपघात नेमके इथे घडतात.

हाताला बसेल तेच पिस्तूल

‘बाईमाणसाला छोटं पिस्तूल पुरे’ हा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. पिस्तूल जितकं लहान आणि हलकं, तितका त्याचा धक्का जास्त, मूठ धरायला जागा कमी आणि नेम साधणं कठीण. पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर दिसायला सोपं असतं, पण त्याचा चाप जड असतो आणि धक्का झणझणीत. नवशिक्या हाताला ते सर्वांत अवघड.

मध्यम आकाराचं, ९ मिलिमीटरचं अर्धस्वयंचलित पिस्तूल बहुतेकींना जमतं. सांधे दुखत असतील किंवा मनगट अशक्त असेल, तर स्लाइड सहज मागे जाईल अशी खास बनवलेली पिस्तुलं मिळतात. स्मिथ अँड वेसनची ‘शील्ड इझेड’ मालिका त्याच हेतूने निघाली. तरी ‘माझ्याने स्लाइड ओढवत नाही’ असं म्हणून लगेच हार मानू नका. पिस्तूल छातीजवळ घ्या, डाव्या हाताच्या पूर्ण पंजाने स्लाइड वरून पकडा, आणि स्लाइड मागे खेचताना उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. दोन बोटांच्या चिमटीऐवजी खांदे आणि पाठ कामाला लागतात. बहुतेकींची अडचण एवढ्याने सुटते. डावखुऱ्या असाल तर हात उलटे समजा.

विकत घेण्याआधी भाड्याने पिस्तुलं देणाऱ्या रेंजवर जाऊन तीन-चार प्रकार झाडून पाहा. मूठ धरल्यावर पिस्तूल मनगट-कोपराच्या रेषेत सरळ राहतं का आणि बोटाचं पहिलं पेर चापावर सहज टेकतं का, हे तुमचं तुम्ही तपासा. नवऱ्याने किंवा मित्राने भेट म्हणून आणलेलं पिस्तूल तुमच्या हाताला बसेलच असं नाही.

होल्स्टर: पिस्तुलाइतकंच महत्त्वाचं

चांगल्या होल्स्टरच्या तीन कसोट्या आहेत. चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्णपणे कडक आवरणाखाली झाकली गेली पाहिजे. रिकामं पिस्तूल आत घालून होल्स्टर उलटं धरलं आणि हलवलं, तरी ते पडता कामा नये. आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटता कामा नये. कायडेक्स नावाच्या कडक प्लॅस्टिकची, तुमच्या पिस्तुलाच्या नेमक्या मॉडेलसाठी घडवलेली होल्स्टरं या तिन्ही कसोट्यांना उतरतात. ‘सर्वांना बसणारं’ मऊ कापडी होल्स्टर घेऊ नका. कापडावरून चाप दाबला जाऊ शकतो. पोटावर गुंडाळायचा इलॅस्टिकचा पट्टा वापरायचा असेल, तर त्यात चापावर कडक कवच असलेलाच निवडा.

बाजारातली बरीच होल्स्टरं पुरुषाच्या शरीराचा विचार करून बनलेली असतात. पुरुषाची कंबर जवळपास सरळ खाली उतरते. बाईची कंबर नितंबाकडे रुंद होत जाते. त्यामुळे उजव्या कुशीवर होल्स्टर लावलं, की नळीचं टोक बाहेर फेकलं जातं आणि मूठ बरगडीत रुतते. धड आखूड असेल किंवा जीन्स उंच कमरेची असेल, तर मूठ थेट छातीखाली येऊन टेकते. म्हणूनच अनेकजणी पोटाच्या पुढच्या बाजूला, बेंबी आणि उजव्या जांघेच्या मधल्या जागेत होल्स्टर लावतात. तिथे ते लपतं चांगलं, हात लवकर पोहोचतो आणि गर्दीत नजरेसमोर राहतं. मात्र त्या जागी नळी स्वतःच्याच मांडीकडे रोखलेली असते, म्हणून कडक होल्स्टर आणि पिस्तूल सावकाश परत ठेवण्याची सवय यांशिवाय ती जागा वापरायचीच नाही.

कपड्यातून उठून दिसते ती बहुधा मूठ. मूठ अंगाकडे वळवायला दोन साधनं आहेत. एक, होल्स्टरच्या बाजूला बसणारा छोटा पंख. तो पट्ट्यावर दाब देऊन मूठ आत फिरवतो. दुसरं, होल्स्टरच्या खालच्या टोकाला चिकटवायची फोमची गादी. ती नळीचं टोक बाहेर ढकलते आणि मूठ पोटाशी टेकवते. रुतणं आणि दिसणं, दोन्ही तक्रारी या फोमने बऱ्याच कमी होतात.

कपडे: सगळा खेळ कापडाचा आणि बेताचा

भरलेलं पिस्तूल अर्ध्या किलोहून जड असतं. ते वजन पेलणारं काहीतरी कमरेला हवं. जीन्सवर दीड इंच रुंद, कडक पट्टा वापरा. स्त्रियांच्या जीन्सच्या पट्ट्याच्या घरांतून तो जातो का, ते दुकानातच पाहा. पुष्कळदा घरं अरुंद आणि संख्येने कमी असतात. जीन्स मध्यम उंचीच्या कमरेची आणि होल्स्टर आत घालूनही बसता येईल इतकी सैल हवी.

लेगिंग, चुडीदार आणि नाडीची सलवार हे वजन पेलू शकत नाहीत. त्यांना होल्स्टर अडकवलं, तर चालताना ते घसरतं, झुकतं आणि मूठ बाहेर येते. यावरचा उपाय म्हणजे कपड्यांवर अवलंबून नसलेला, थेट अंगावर बांधायचा पट्टा. फिलाडेल्फियाच्या ‘फ्लस्टर’ कंपनीचं ‘एनिग्मा’ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. त्याचा स्वतःचा कमरपट्टा असतो, त्यावर कडक होल्स्टर बसतं, मांडीला एक पातळ पट्टी येते, आणि वरून कुर्ता-लेगिंग, सलवार, झगा काहीही घालता येतं. सुरुवातीला पट्टे जुळवायला वेळ लागतो, पण आपल्या पोशाखासाठी यापेक्षा सोयीचं साधन क्वचितच असेल.

आता कुर्ता. नितंबापर्यंतची आखूड, ए-लाइन कुर्ती सर्वांत सोपी. छातीखाली चुण्या असलेली किंवा कमरेपासून घेर असलेलीही चांगली. अंगालगत शिवलेली, चिकटून बसणारी कुर्ती नको. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता चालतो, पण त्याचे बाजूचे कट कमरेच्या हाडापर्यंत उंच हवेत. कट खाली असेल, तर समोरचा भाग वर ओढताना कापड मांडीवर ताणलं जातं आणि ऐन वेळी हात कापडातच अडकतो. हे शिंप्याकडे अर्ध्या तासात बदलून मिळतं.

कापडाची निवड नेमकी केली, तर अर्धं काम होतं. हातमागाचं जाड सुती, खादी, डेनिम, अस्तर लावलेलं खणाचं कापड आपला आकार धरून राहतं. इकत, कलमकारी, दाट ठशांची नक्षी नजरेला गुंतवते आणि खालची कड हरवून टाकते. जॉर्जेट, शिफॉन, पातळ रेयॉन, होजिअरी अंगाला चिकटतात आणि मुठीचा कोपरा उमटवतात. फिकट एकरंगी कापडावर सावली पडून तोच कोपरा आणखी उठून दिसतो. वरून नेहरू जॅकेट किंवा सैल श्रग घातला तर झाकण दुहेरी होतं, पण समोरून उघडं असलेलं पातळ श्रग वाऱ्याने उडतं, म्हणून आतला थर स्वतः पुरेसा हवा.

ओढणी पिस्तुलासोबत वापरू नये. पिस्तूल काढताना ती हातात येते. त्याहून धोक्याचं म्हणजे, पिस्तूल परत ठेवताना तिचं टोक होल्स्टरमध्ये शिरून चापाशी अडकू शकतं. लांब मंगळसूत्र कुर्त्याच्या आत ठेवा. सैल बांगड्या आणि कडी त्या हातात नकोत. कमरेच्या नाडीचे लोंबते गोंडे कापून टाका किंवा आत खोचा.

साडीबद्दल स्पष्टच सांगते. निऱ्या नेमक्या त्याच जागी खोचलेल्या असतात जिथे होल्स्टर बसायला हवं, त्यावर पदर, आणि खाली परकराची नाडी. अंगावरच्या स्वतंत्र पट्ट्यानेही साडीतून पिस्तूल सुरक्षितपणे काढणं आणि परत ठेवणं फार अवघड आहे. साडी नेसायची त्या दिवशी पिस्तूल तिजोरीत राहू द्या.

कपडे ठरले की आरशासमोर परीक्षा घ्या, पिस्तूल रिकामं करून. वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखे दोन्ही हात उंच करा. मुलाचे बूट बांधायला वाका. कमरेतून न वाकता गुडघे मोडून बसायची सवय लावा. गाडीत बसा, सीटबेल्ट लावा आणि काढा. मूल कडेवर घ्या, आणि पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूच्या कडेवरच घ्या. या सगळ्यात कुठे मूठ दिसली, होल्स्टर सरकलं किंवा सारखा हात लावून चाचपावंसं वाटलं, तर तो पोशाख बाद. सतत चाचपणारा हात लपवलेलं पिस्तूल जगाला दाखवून देतो.

पर्स नको

पिस्तुलासाठी खास कप्पा असलेल्या सुंदर पर्सेस मिळतात आणि हा मार्ग सर्वांत सोपा वाटतो. पण चोर आधी हात घालतो तो पर्सलाच. दुकानातल्या ट्रॉलीत, हॉटेलच्या खुर्चीला, ऑफिसच्या टेबलाखाली आपण ती दिवसातून अनेकदा अंगावेगळी करतो. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातल्या एका दुकानात एका तरुण आईची पर्स ट्रॉलीत होती. तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पर्सच्या चेन लावलेल्या कप्प्यातून पिस्तूल बाहेर काढलं, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. ती बंदूक हाताळण्यात अनुभवी होती, परवानाधारक होती, आणि कप्पा खास पिस्तुलासाठीच बनवलेला होता.

दुसरा कोणताच मार्ग नसेल, तर स्वतंत्र कप्पा, आत त्याच मॉडेलचं कडक होल्स्टर, कप्प्यात पिस्तुलाशिवाय दुसरं काहीही नाही, आणि पट्टा सतत तिरका गळ्यात. ट्रॉलीत, खुर्चीवर, जमिनीवर पर्स ठेवायची नाही. लहान मुलं सोबत असतील, तर हा मार्गही सोडून द्या.

काढणं, ठेवणं आणि सार्वजनिक स्वच्छतागृह

पिस्तूल काढताना डाव्या हाताने बेंबीजवळ कापड मुठीत धरून थेट छातीपर्यंत वर ओढायचं आणि तिथेच धरून ठेवायचं, उजव्या हाताने पूर्ण पकड घ्यायची, बोट बाहेर सरळ, मग सरळ वर उचलायचं. परत ठेवताना घाई करण्याचं काहीच कारण नसतं. कापड वर, बोट सरळ, होल्स्टरच्या तोंडात काही अडकलं नाही हे डोळ्यांनी पाहून, कंबर किंचित पुढे काढून, सावकाश आत सरकवायचं. थोडाही अडथळा जाणवला तर थांबायचं. जोर लावायचा नाही.

स्वच्छतागृहात पिस्तूल होल्स्टरमधून काढू नये. दाराच्या हुकाला, कागदाच्या डब्यावर किंवा टाकीवर ठेवलेली पिस्तुलं विसरली जातात आणि पुढच्या माणसाला सापडतात. होल्स्टरसकट पट्टा गुडघ्याच्या वर घट्ट धरून ठेवा. अंगावरच्या स्वतंत्र पट्ट्याला ही अडचण कमी येते.

रेंजवर जाताना

गळ्यालगत बंद होणारा टी-शर्ट, टोपी आणि बंद बूट घाला. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी तापलेली असते आणि उडून थेट खोल गळ्याच्या कुर्त्यात पडते. भाजल्याबरोबर माणूस गर्रकन वळतो, हातातल्या भरलेल्या पिस्तुलासकट. असं झालंच तर भाजू द्या, पण आधी नळी समोर ठेवून पिस्तूल खाली ठेवा. डोळ्यांना चष्मा हवा. कानांत बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही हवेत, कारण बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्याही वर जातो. गोळ्यांच्या धुरात शिसं असतं. परत निघताना हात-तोंड गार पाण्याने आणि साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवायला टाका. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर रेंजवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. आवाज आणि शिसं दोन्ही बाळासाठी चांगले नाहीत.

स्त्रियांनी स्त्रियांना शिकवण्यासाठी चालवलेल्या संस्था आहेत. २०११ मध्ये टेक्ससमध्ये सुरू झालेल्या ‘अ गर्ल अँड अ गन’च्या शाखा अनेक राज्यांत आहेत. तिथे नवशिक्या बाईला प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही. घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करता येतो. मात्र त्या वेळी काडतुसं दुसऱ्या खोलीत, पिस्तूल दोनदा तपासलेलं आणि समोर गोळी अडवेल अशी भिंत हवी.

घरात: कुलूप, आणि मनाची अवस्था

घरी आल्यावर अंगावरून उतरलेलं पिस्तूल थेट झटपट उघडणाऱ्या छोट्या तिजोरीत गेलं पाहिजे. गादीखाली, कपाटातल्या साड्यांच्या थराखाली, देवघराच्या खणात नाही. मुलांना घरातली एकूण एक जागा ठाऊक असते. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हाही आहे. ‘प्रोजेक्ट चाइल्डसेफ’ उपक्रमातून अनेक पोलीस ठाण्यांत केबलचं कुलूप मोफत मिळतं. मुलांना शिकवा: बंदूक दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्या माणसाला सांग.

या लेखातली सर्वांत कळकळीची गोष्ट आता सांगते. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या कोट्यवधी लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिस्तूल असलेल्या स्त्रियांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण, नसलेल्यांच्या तुलनेत, सुमारे पस्तीस पट आढळलं. बाळंतपणानंतरची उदासी, एकटेपणा, व्हिसाचा ताण, मोडत चाललेलं लग्न, यांतलं काही घरात असेल, तर पिस्तूल घरात आणू नका. आधीच असेल, तर ते काही काळ घराबाहेर कसं ठेवता येईल हे राज्याचा कायदा पाहून ठरवा. ९८८ या क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते. घरात मारहाण होत असेल, तर पिस्तूल बहुधा मारणाऱ्याच्याच हाती लागतं. अशा वेळी आधी सुरक्षित जागा, हेल्पलाइन आणि न्यायालयाचा संरक्षण आदेश.

प्रवास, आणि भारतात येताना

अमेरिकेच्या विमानतळांवर २०२३ मध्ये तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि बहुतेक भरलेल्या होत्या. ‘बॅगेत आहे हे विसरले’ हेच कारण पुन्हा पुन्हा ऐकू येतं. देशांतर्गत विमानाने नेता येतं, पण फक्त चेक-इन सामानात, रिकामं, कडक आणि कुलूपबंद पेटीत, काउंटरवर जाहीर करून.

भारताच्या प्रवासासाठी मात्र एकच नियम आहे: रेंजला नेलेली कोणतीही बॅग, जॅकेट किंवा पर्स त्या प्रवासात वापरायची नाही. अस्तरात अडकलेलं एकच जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं, तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलिसांत प्रकरण जातं, आणि सुट्टी वकिलाच्या दारात संपते. रेंजची बॅग कायमची वेगळी ठेवा.

कधी काढायचं, आणि कधी नाही

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर, याच क्षणी, टाळता न येणारा घाला येतो आहे, तेव्हाच. धमकी देण्यासाठी, पार्किंगच्या भांडणात, शिवी ऐकल्यावर, पर्स घेऊन पळणाऱ्याच्या मागे, कधीही नाही. निघून जाता येत असेल तर निघून जा. दारू घेतली असेल, तर पिस्तूल अंगावर नको. कठोर शब्द आणि पिस्तूल यांच्यामध्येही काही हवं, म्हणून मिरीचा स्प्रे सोबत ठेवा आणि तो वापरायला शिका. पोलीस अधिकाऱ्याने गाडी थांबवली, तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. ओळखपत्र मागितलं की त्यासोबत परवाना द्या, पिस्तूल कुठे आहे ते शांतपणे सांगा, आणि त्याला हात लावू नका.

निर्णय याच क्रमाने करा. कायदा मला परवानगी देतो का? घरात सगळ्यांची मनःस्थिती ठीक आहे का? कुलूपबंद तिजोरी आधी आली का? प्रशिक्षण झालं का? मग पिस्तूल, त्याला नेमकं बसणारं होल्स्टर, आणि त्या होल्स्टरला साजेसे कपडे. यातली एक पायरी जरी अजून बाकी असेल, तर आज पिस्तूल घेऊ नका. आधी ती पायरी पूर्ण करा, मग पुढचं पाऊल टाका.